कालबाह्य शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही

काल म्हणजे काळ आणि बाह्य म्हणजे बाहेर, म्हणजे जे काळाच्या बाहेर पडलं ते कालबाह्य, सोप्पंय. (काळबाह्य लिहू नका हं, काल असंच लिहायचं.) पण जुनं दिसलं की लगेच कालबाह्य म्हणायचं नाही, आजीचा खलबत्ता जुना आहे पण ठेचा अजून त्यातच होतो मग तो कसला कालबाह्य? पेजर मात्र कालबाह्य, तारसेवा तर 2013 च्या जुलैमध्ये बंदच झाली. कायदे, नियम, अभ्यासक्रम, विचार यांना हा शब्द मस्त बसतो.

सगळ्यात जास्त घोळ औषधांचा, तारीख उलटलेली गोळी ही मुदतबाह्य, कालबाह्य नाही. 2016 मधल्या पाचशे-हजारच्या नोटा चलनातून बाद झाल्या असं म्हणायचं. आणि जुनाट जरा जपून, जुनाट विचार म्हटलं की टोमणा होतो पण जुनाट खोकला म्हणजे खूप दिवस न गेलेला खोकला.

बोलताना कालबाह्य फारच पुस्तकी वाटतो, तिथे सरळ 'बाबा आदमच्या काळातला फोन आहे रे तुझा' म्हणा, जास्त लागतं.