चार ऋतू, पाच माणसं, तीन बॅगा

घरातलं धुणं माझ्याकडे असतं, त्यामुळे बॅगा भरायचं कामही आपसूक माझ्याच गळ्यात पडलं. आम्ही पाच जण तीन महिन्यांसाठी निघालो होतो: मी, बायको, तेरा वर्षांची लेक, सहा वर्षांचा धाकटा आणि सत्तरीतली आई. सुरुवातीला कडक ऊन, मग पाऊस, मग बर्फ आणि परतताना पुन्हा ऊन. माझ्या पहिल्या यादीत माझे एकट्याचेच बावीस टी-शर्ट होते. बायकोने यादी वाचली आणि विचारलं, "घरी आठवड्यातून किती वेळा मशीन लावतोस?" म्हटलं, तीनदा. "मग तिकडे काय तीन महिने धुणारच नाहीस?"

हिशेब तिथेच बदलला. प्रवास किती दिवसांचा आहे ते विसरा, दोन धुण्यांत किती दिवस जातील ते ठरवा. आम्ही पाच धरले. धुतलेले वाळेपर्यंत अंगावर काहीतरी हवं, म्हणून आतले कपडे माणशी सहा. टी-शर्ट पाच, पँटी तीन, मोज्यांचे पाच जोड, त्यातले दोन लोकरीचे. धाकट्याला सगळं दीडपट, कारण त्याला दिसलेलं पहिलं डबकं त्याचंच असतं.

ऋतू चार म्हणून कपड्यांचे चार संच नेऊ नका. एकावर एक चढवता येतील असे थर न्या. अंगालगत घाम ओढून घेणारा पातळ थर, मध्ये लोकर किंवा फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड), वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, म्हणून वरचं जॅकेट एक माप मोठं घ्या. घट्ट बसलं तर आतला फ्लीस दाबला जातो, हवा निघून जाते आणि जाड कपडे घालूनही माणूस कुडकुडतो. घरीच सगळे थर अंगावर चढवा, दोन्ही हात वर करा. पाठ उघडी पडली तर माप चुकलंय. मधला थर हाताशी, बॅगेत सगळ्यात वर ठेवा. दर 1000 मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सकाळी खाली 30 अंशांत घाम पुसत निघालात, तर दुपारी 3000 मीटरवर 10-11 अंश असू शकतात.

पिसांचं जॅकेट वजनाला हलकं आणि मूठभर होतं खरं, पण भिजलं की पिसांच्या गुठळ्या होतात आणि ऊब जाते. मुलांसाठी म्हणून कृत्रिम भरणाचंच घेतलं.

आता जीन्स. मी हट्टाने एक घेतली होती. पावसाळी मुक्कामी ती भिजली आणि दोन दिवस वाळलीच नाही. पाय सुकले, पण कंबर आणि खिसे ओलेच. शेवटी पिशवीत कोंबून न्यावी लागली आणि पुढच्या गावी पिशवी उघडल्यावर जो वास आला, त्यावर घरात अजून विनोद होतात. उन्हात सुती कापडासारखं सुख नाही, पण थंडीत ते अंगाशी ओलं राहणं वाईट. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. लोकर मात्र आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही.

बेसिनमध्ये धुतलेलं रात्रीत वाळवायचं असेल तर पिळून थांबू नका. कोरडा टॉवेल पलंगावर पसरा, त्यावर मोजे, बनियन एकमेकांवर न येता मांडा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघे टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरका. हे काम धाकट्याला द्या, तो आनंदाने नाचतो. टॉवेल जड होतो, मोजे जेमतेम दमट राहतात. लोकरीचं पिळायचं तर अजिबात नाही, आकार बिघडतो. त्याला हीच गुंडाळी आणि मग आडवं पसरून वाळवणं.

आईसाठी वेगळा विचार करावा लागला. थंडीने बोटं आखडली की तिला बटणं लागत नाहीत, आणि डोक्यावरून ओढायच्या स्वेटरमध्ये खांदा अडकतो. तिचं सगळं पुढून चेनचं घेतलं आणि प्रत्येक चेनला नाडीचा छोटा फास बांधला. हातमोजे घालूनही तो ओढता येतो. मुलांचे हातमोजे एकाच रंगाचे तीन-तीन जोड घ्या, कारण हरवतो तो नेहमी एकच.

बूट माणशी दोनच जोड. जड असतील ते प्रवासात पायात, दुसऱ्यांच्या पोटात मोजे. नवे बूट निघण्यापूर्वी दोन आठवडे तरी वापरलेले हवेत.

हवा काढायच्या पिशव्यांनी मी एकदा फसलोय. आकार निम्मा होतो, वजन तेवढंच राहतं, आणि विमानात बॅगेला बहुधा 23 किलोंचीच मुभा असते. मोकळी झालेली जागा आपण पुन्हा भरतो आणि काट्यावर पकडले जातो.

एका माणसाची एक बॅग असंही करू नका. एकदा एक बॅग दोन दिवस उशिरा आली आणि तिच्यात लेकीचं झाडून सगळं होतं. दोन दिवस ती माझ्या टी-शर्टांत वावरली आणि एकही फोटो काढू दिला नाही. तेव्हापासून प्रत्येकाचे दोन दिवसांचे कपडे दुसऱ्याच्या बॅगेत असतात, आणि एक जोड हातातल्या पिशवीत. माणसागणिक रंग ठरवलेल्या कापडी पिशव्या असल्या की शोधाशोध होत नाही.

निघायच्या आधीच्या शनिवार-रविवारी कपाटाला हात न लावता सगळ्यांनी बॅगेतूनच कपडे घालायचे, असं आम्ही ठरवलं. आईच्या टोपीने कान टोचत होते. धाकट्याचं मागच्या थंडीतलं थर्मल पोटरीच्या मध्यावर येऊन थांबलं. लेकीने चार काळ्या टी-शर्टांतला एकच दोन्ही दिवस घातला, म्हणून उरलेल्या तीनपैकी एक मी गुपचूप बाहेर काढून ठेवला.