‘मला येतं’ हा मार्शल आर्टमधला दावा कसा तपासावा

मी पुण्यात ज्युदो शिकवते. दर वर्षी नव्या बॅचमध्ये काही मुलं अशी असतात, ज्यांना डावांची जपानी नावं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त पाठ असतात. मोबाइलवर त्यांनी भरपूर व्हिडिओ पाहिलेले असतात आणि दुसऱ्यांच्या व्हिडिओखाली ‘कोपर चुकलंय’, ‘हे रस्त्यावर चालणार नाही’ असं ती ठामपणे लिहितही असतात. त्यांची ओढ खरी असते, म्हणूनच मला काळजी वाटते. त्यांचा सल्ला वाचून एखादी मुलगी उद्या चाकूवाल्यासमोर उभी राहील, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. हे त्या मुलांसाठी लिहिते आहे, आणि क्लास शोधत फिरणाऱ्या पालकांसाठीही.

सुरुवात स्वतःपासून करा. आपल्याला येतो असं वाटणारा एकच डाव निवडा आणि विचारा: समोरचा जीव तोडून विरोध करत असताना हा मला कधी लागलाय का? जोडीदाराने हात पुढे केला, आपण तो पिरगाळला आणि तो पडला, ही झाली उजळणी. ती लागतेच, मीही रोज करून घेते. पण जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान सुरू केलं तेव्हापासून ज्युदोचा कणा आहे तो रान्दोरी, म्हणजे दोघांनीही जिंकायला उतरायचं अशी मोकळी लढत. आपल्या कुस्तीच्या तालमीत वेगळं काय असतं? जोर-बैठका कितीही मारा, वस्ताद जोड लावून लढत करून घेतात तेव्हाच ढाक किंवा एकेरी पट अंगात उतरतो. हे पाहिलं नसेल तर एकदा कात्रजच्या मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुलात जाऊन बघा. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून खेचायला, आत घुसलेला पोरगा किती वेळा रिकाम्या हाताने परत येतो, ते मोजा.

आता तुमची पाळी. मॅट हवी, शिकवणारी व्यक्ती समोर हवी. जोडीदार साधारण तुमच्याच वजनाचा घ्या, पण तुमच्यापेक्षा वर्षभर तरी जास्त सराव झालेला. तीन मिनिटांची लढत करा. तिसऱ्या कुणाला तरी वही द्या. तुम्ही तो डाव किती वेळा घातला आणि किती वेळा लागला, एवढंच त्याने लिहायचं. पहिल्या खेपेला शून्य येतं. येऊ द्या, तारीख घालून ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा मोजा.

कर्वेनगरचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता. मागून गळा आवळला तर कसं सुटायचं, हे तो मित्रांना अगदी पायरीपायरीने समजावून सांगायचा, आणि सांगायचा ते चूकही नव्हतं. मी त्याला त्याच्याहून हलक्या एका मुलीसोबत उतरवलं. पहिल्या मिनिटातच त्याचा दम गेला, बोटांची पकड सुटली आणि पाठ केलेली दुसरी पायरी आठवायच्या आधीच तिसरी टळून गेली. व्हिडिओत हे दिसत नाही: धाप, घाम, घसरणारी पकड, आणि समोरच्याचं वजन नेमकं नको तिथे येणं. तो टिकला आणि आता चांगला खेळतो.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. गळा आवळण्याचे आणि कोपर मोडण्याचे डाव व्हिडिओ पाहून घरी भावंडांवर करू नका. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या, तर माणूस दहा सेकंदांच्या आसपास बेशुद्ध पडू शकतो. जोडीदाराने हाताने थाप देऊन ‘हरलो’ अशी खूण केली की त्याच क्षणी सोडायचं, ही सवय डावाच्या आधी लागली पाहिजे.

दुसऱ्याला सल्ला देताना आपण कुठे उभे आहोत, ते वाक्यातच येऊ द्या. ‘मी हे पाहिलंय’, ‘मी हे जोडीदारावर घोटलंय’, ‘विरोध करणाऱ्यावर मला हे लागलंय’ ही तीन वेगवेगळी वाक्यं आहेत आणि वाचणाऱ्याला त्यातला फरक कळण्याचा हक्क आहे. क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण या विषयांच्या चाचण्या घेतल्या. सर्वांत खालच्या चौथाईतल्या लोकांची जागा सरासरी 12 व्या पर्सेंटाइलला होती, आणि त्यांना स्वतःला ती 62 व्या पर्सेंटाइलच्या जवळ वाटत होती. मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: तर्काचं थोडं प्रशिक्षण दिल्यावर त्याच लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज सुधारला. मॅटवर मी हेच पाहते. चार-सहा महिने नियमित लढत केलेली मुलं ‘बघावं लागेल’ म्हणायला लागतात.

शिक्षकाचा दावा तपासताना तो खोटं बोलतोय असं धरून चालू नका. बरेचदा त्याचा स्वतःवर मनापासून विश्वास असतो. जपानमधले यानागी र्युकेन स्पर्श न करता माणसं पाडत, म्हणजे त्यांचे शिष्य पडत. 2006 मध्ये ते एका व्यावसायिक लढवय्यासमोर खरंच उतरले आणि वाईट मार खाल्ला. पडायला तयार असलेल्या शिष्यांमध्ये माणूस किती खोल फसू शकतो, हे त्यावरून कळतं. म्हणून पालकांनो, फी भरण्याआधी एक पूर्ण तास बसून बघू द्या असं सांगा. मुलं एकमेकांशी खरी लढत करतात का? हरलेल्या मुलाला नंतर काय सांगितलं जातं? क्लासबाहेरच्या, जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धेत मुलं उतरतात का? क्लास आपल्याच स्पर्धा भरवून आपल्याच मुलांना पदकं वाटत असेल, तर भिंतीवरच्या पदकांना फार महत्त्व देऊ नका.

बेल्टबद्दल थोडक्यात. कुणी दिला, कोणत्या साली, कुठल्या संस्थेचा, हे विचारण्यात अपमान नाही. तायक्वांदोत 15 वर्षांखालच्या मुलांना सोलच्या कुक्किवॉन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेकडून ‘दान’ (मोठ्यांच्या ब्लॅक बेल्टची श्रेणी) नव्हे, तर ‘पूम’ (मुलांसाठीची तशीच श्रेणी) मिळतो, आणि ते प्रमाणपत्र कुक्किवॉनच्या संकेतस्थळावर तपासता येतं. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत 19 वर्षांखाली ब्लॅक बेल्ट मिळत नाही. ‘एनआयएस केलंय’, म्हणजे पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा कोर्स केलाय, असं कुणी म्हणालं तर डिप्लोमा की सर्टिफिकेट, ते विचारा. तिथला डिप्लोमा साधारण वर्षभराचा असतो, सर्टिफिकेट कोर्स सहा आठवड्यांचा. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही सारखे नाहीत.

8 मार्चच्या सुमारास सोसायट्यांत आणि कॉलेजांत दोन तासांची स्वसंरक्षण शिबिरं होतात. दोन तासांत अंतर राखणं, मोठ्याने ओरडणं, पळायची वाट आधी हेरून ठेवणं आणि 112 लावणं शिकवता येतं, आणि ते जरूर शिकवावं. चाकू हिसकावून घेणं शिकवता येत नाही. शिबिरात ते दाखवलं जात असेल, तर मी मुलींना घेऊन बाहेर पडेन.

यावर विश्वास बसत नसेल तर करून बघा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये मांडलं की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेपने 21 फूट मोजा. अंगात जुना पांढरा शर्ट घाला आणि डोळ्यांना गॉगल लावा. मित्राच्या हातात टोपण काढलेला स्केचपेन द्या आणि त्याला सांगा, धावत ये, हात मागेपुढे करत राहा, मी पकडला तरी थांबू नकोस. तुम्ही तुमचा आवडता डाव घाला. पाच वेळा करा आणि मग शर्टावरच्या रेघा मोजा, विशेषतः मान, काख आणि मनगटाच्या आतल्या बाजूच्या. त्यानंतरही चाकू काढून घ्यायचा डाव कुणाला सांगावासा वाटला, तर सोबत त्या शर्टाचा फोटो जोडा.