दगडी कंपाउंड: आधी खालचा हिशेब

दगडाचा रंग, गेटचं डिझाइन, वरचे दिवे हे सगळं नंतर. आधी पुढच्या हद्दीवर दोन्ही टोकांना एकेक खड्डा घ्या आणि मुरूम, म्हणजे मातीखालचा घट्ट थर, किती फुटांवर लागतो ते बघा. मागच्या वेळी मी फक्त वर दिसणाऱ्या पाच फुटांचा हिशेब धरला आणि पैसे जमिनीतच संपले. नाशिकमध्ये मखमलाबाद, आडगावकडे कालपर्यंत शेती असलेला प्लॉट असेल तर खाली बहुधा काळी माती असेल. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायचा. शेजाऱ्याकडे दोन फुटांवर मुरूम लागला म्हणून तुमच्याकडेही लागेल असं धरू नका.

आता आकडे. चाळीस फूट लांब, पाच फूट उंच, पंधरा इंच जाड भिंत म्हणजे २५० घनफूट, अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तिच्याखाली चार फूट खोल आणि सरासरी दोन फूट रुंद पाया धरा: ३२० घनफूट, ३.२ ब्रास. म्हणजे वरच्यापेक्षा खालचं काम जास्त! सगळं मिळून ५.७ ब्रास. १:६ चा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) धरला तर सिमेंटच्या तीसेक गोण्या आणि दोन ब्रासच्या वर क्रशसँड (दगड चुरून केलेली वाळू) लागेल. दगड यापेक्षा थोडा जास्तच सांगा; गाडीतला ब्रास पोकळीसकट मोजलेला असतो आणि घडवताना चुराही पडतो.

ठेकेदार रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या दर फुटाचा भाव सांगेल. तो जमिनीच्या वरचा की खालपासूनचा, हे कागदावर लिहून घ्या. खोदाई कोणाची, निघालेली माती कोण उचलणार, खोली वाढली तर जादा भाव काय, हेही लिहून घ्या. ‘पायाचं बघू नंतर’ असं म्हणणाऱ्याला काम देऊ नका. मुरूम पाच-सहा फुटांवरही लागत नसेल तर सलग दगडी पाया महागात जातो. तेव्हा ठराविक अंतरावर खड्डे घेऊन आरसीसी कॉलम उभे करायचे, त्यांच्यावर बीम टाकायचा आणि दगड बीमवर चढवायचा. हे मात्र इंजिनिअरला विचारून. गवंड्याच्या अंदाजावर नाही.

हद्द. मोजणी झालेली नसेल तर भूमी अभिलेखमध्ये अर्ज टाका, वेळ हातात ठेवून. रस्ता रुंदीकरणाची रेषा प्लॉटवरून जाते का आणि परवानगीला काय काय लागतं, ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. इथेही खालचंच बघायचं: भिंत पंधरा इंचांची असली तरी तळाशी पाया अडीच फुटांचा असतो. भिंत हद्दीच्या रेषेवर धरली तर पाया रस्त्यात जातो. लाइन आत घ्या. खोदण्याआधी नळाची लाइन आणि केबल कुठून जाते तेही शोधा.

उंचीचा नियम: समोरची भरीव भिंत रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून मोजून दीड मीटरपर्यंत. २.४ मीटर हवी असेल तर वरचे ०.९ मीटर जाळीचे. कोपऱ्याचा प्लॉट असेल तर चौकालगत दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत भरीव भाग फक्त ०.७५ मीटर, वाहनं दिसायला हवीत म्हणून.

दगड काळाच घ्या, तो आपल्याकडचाच. काळारामाचं मंदिरही रामशेजच्या काळ्या दगडाचं आहे. पायाला डबर (न घडवलेला ओबडधोबड दगड) चालतो, दर्शनी बाजूला खांडकी, म्हणजे घडवलेले दगड. सगळीकडे खांडकी लावायचा हट्ट करू नका. जमिनीखाली ती कोणी बघायला येत नाही आणि घडाई फुकट जाते. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, म्हणजे हेडर, मात्र सोडू देऊ नका. नाहीतर पुढचा थर आणि मागचा थर वेगळे होतात आणि भिंत पोटातून फुगते. गवंडी घाईत असला की मधली पोकळी नुसत्या चुऱ्याने भरतो, तिथे उभं राहा.

भिंतीत तळाशी पाणी निघायला पाइपचे तुकडे घालायला सांगा, अंगण रस्त्यापेक्षा उंच असेल तर नक्कीच. पायाच्या कडेने भराव मुरमाचा करा. खोदलेली काळी माती परत तिथेच लोटायची नाही, कितीही स्वस्त वाटली तरी.

एका दिवसात दोन-तीन फुटांच्या वर चढवू नका. पाणी निदान सात दिवस मारा. दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, नंतर भरा. गेटचे खांब आरसीसीचे, बाहेरून दगड. बेल आणि दिव्याची नळी त्याच वेळी आत टाका. भिंतीच्या माथ्यावर कोपिंग, म्हणजे पाणी आत न जाऊ देणारा थर. जूनच्या आधी पाया जमिनीबाहेर आलेला हवा, नाहीतर चरात पाणी भरतं आणि उपसा तुमच्या खर्चाने. ठेकेदाराला पैसे टप्प्याटप्प्याने द्या. पहिला हप्ता खोदाईनंतर, आणि तोही चरात स्वतः उतरून मुरूम बघितल्यावरच.