सॉलिडवर्क्समध्ये सबअसेंब्ली सुटी होत नव्हती

हिंगणा एमआयडीसीत गिअरबॉक्सच्या स्पेअर पार्ट शीटसाठी सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये एक्सप्लोडेड व्ह्यू, म्हणजे सगळे पार्ट सुटे करून दाखवणारं चित्र, हवा होता. शाफ्ट ओढला की बेअरिंग, स्पेसर, सर्कलिप (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) सगळं एकगठ्ठा सरकायचं, कारण ती सबअसेंब्ली, म्हणजे मेन असेंब्लीत एकच भाग म्हणून बसवलेला पार्टचा गट. एक्सप्लोड पॅनेलमध्ये ‘सिलेक्ट सबअसेंब्ली पार्ट्स’वर टिक केली, तसा एकेक पार्ट सुटा धरता आला. ओढताना क्रम फिटर खोलतो तोच ठेवला: आधी सर्कलिप, मग बेअरिंग. नाहीतर शॉपवाले हसतात, भाऊ!

तीच सबअसेंब्ली पुन्हा लागणार असेल तर ही हमाली नको. ती वेगळी उघडून तिथेच एक्सप्लोड करा. मेन असेंब्लीत ‘फ्रॉम सबअसेंब्ली’ने स्टेप्स आयत्या येतात. ड्रॉइंगमध्ये व्ह्यू सुटा न होता जोडलेलाच दिसला तर त्याच्या प्रॉपर्टीजमधली एक्सप्लोडेड स्टेटची टिक तपासा.