टेलिकन्व्हर्टर लावून शार्प फोटो कसा काढावा

भिगवणला उजनीच्या पाण्यात होडी शिरली की रोहित पक्ष्यांचा थवा हाताशी आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ३०० मिमीच्या लेन्समध्ये एकेक पक्षी नखाएवढा येतो. मग टेलिकन्व्हर्टर घेतला जातो आणि पहिल्याच फेरीनंतर तक्रार सुरू होते, 'फोटो सॉफ्ट येतात', म्हणजे धारदार येत नाहीत. यातला बराच दोष कन्व्हर्टरचा नसतो. तो नेमका कुठे आहे हे शोधायची पद्धत खाली दिली आहे.

आधी हे उपकरण काय करतं ते पाहू. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा कन्व्हर्टर लेन्सने तयार केलेल्या चित्राचा मधला भाग फुगवतो. त्याबरोबर लेन्सचे दोष, हाताची थरथर, फोकसमधली चूक हे सगळंही तितकंच फुगतं. उजेडही पसरतो. १.४ पटीचा कन्व्हर्टर निम्मा उजेड खातो, २ पटीचा तीन चतुर्थांश. म्हणजे ३०० मिमी एफ/४ ची लेन्स १.४ ने ४२० मिमी एफ/५.६ होते आणि २ पटीने ६०० मिमी एफ/८ (एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). म्हणून चांगल्या प्राइम लेन्सवर (म्हणजे झूम न होणाऱ्या) १.४ पटीचा खुशाल लावा. लांबच्या टोकाला एफ/५.६ किंवा एफ/६.३ असणाऱ्या साध्या झूमवर मात्र माझ्या मते लावूच नये.

कन्व्हर्टर कोणत्या लेन्सवर चालतो ती यादी कंपनी देते, ती पाहिल्याशिवाय बसवू नका. काही कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते. चुकीच्या लेन्सवर जोर लावून बसवलात तर काचेवर काच घासते.

आता घरची चाचणी, आणि ही टाळू नका. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. पाच-सहा मीटरवर ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझेशन (थरथर कमी करणारी सोय) बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, चित्र दहा पट मोठं करून हाताने फोकस करा. एक फोटो पूर्ण उघड्या अॅपर्चरवर काढा आणि एक त्याहून एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा होईल इतकं अॅपर्चर लहान करून. मग संगणकावर अनुस्वाराचे ठिपके बघा. ठिपका काळा, गोल आणि सुटा दिसला पाहिजे. तो शिरोरेषेकडे विरघळल्यासारखा दिसत असेल तर फोटो सॉफ्ट आहे. बहुतेक लेन्सवर एक स्टॉप खाली गेल्यावर हा फरक डोळ्यांना सहज दिसतो.

आता तेच पान व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने काढा. हाताने केलेला फोकस धारदार आणि ऑटोफोकस सॉफ्ट असेल तर काच चांगली आहे, फोकस पुढेमागे पडतोय. डीएसएलआरमध्ये ऑटोफोकस फाइन ट्यून (फोकस किंचित पुढेमागे जुळवायची सोय) असेल तर कन्व्हर्टर लावलेल्या स्थितीत ते नव्याने करा, नुसत्या लेन्सचं जुळवलेलं इथे लागू पडेलच असं नाही. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ही भानगड सहसा येत नाही.

दोन्ही फोटो सॉफ्ट आले तर काचा पुसा आणि पुढचा यूव्ही फिल्टर काढून पुन्हा बघा. माझा एक अख्खा हिवाळा असाच गेला. मी कन्व्हर्टर विकायला काढला होता आणि दोष निघाला स्वस्तातल्या फिल्टरचा. फिल्टर काढलेल्या लेन्सने घेतलेल्या पहिल्याच फोटोत शेकाट्याच्या लाल डोळ्याची कड स्वच्छ दिसली.

शेवटी कन्व्हर्टर काढून एक फोटो घ्या आणि तो क्रॉप करून तेवढाच मोठा करा. अक्षरं सारखीच वाचता येत असतील तर त्या लेन्ससाठी कन्व्हर्टर पिशवीतच राहू द्या.

पाण्यावर गेल्यावर शटरचा हिशेब बदलतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला शटर साधारण एक भागिले लेन्सचे मिमी एवढा तरी वेगवान हवा, आणि लहान सेन्सरवर ते मिमी वाढवून धरायचे. ४२० मिमी आणि कॅमेरा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) असेल तर ४२० गुणिले १.५, म्हणजे ६३०. स्थिर पक्ष्यालाही निदान १/६४० हवा, होडीत मी १/१००० च्या खाली जात नाही आणि उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० ठेवतो. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर बिनधास्त वाढवा. नॉइज (फोटोतला कणकणीतपणा) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

होडीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. खाली बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि होडीवाल्याला सांगा, "दादा, इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबू या." अॅपर्चर एफ/८ झालं की अनेक डीएसएलआरचा ऑटोफोकस चाचपडतो. तेव्हा मधला पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर किंवा मानेच्या कडेवर धरा. पांढऱ्या सपाट पिसांवर त्याला पकडायला काही मिळत नाही.

एवढं करूनही न सुटणारी गोष्ट म्हणजे हवा. ऊन चढलं की चिखल आणि पाण्यावरची हवा लहरू लागते आणि रोहिताचे लांब पाय नागमोडी दिसतात. ओळखायचं असं: सलग दहा फोटो घ्या. प्रत्येकात पाय वेगळ्या जागी वाकलेला असेल तर दोष उन्हाचा आहे. तेव्हा लांबचा पक्षी सोडा, काठाजवळचा खंड्या बघा, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पाण्यात असा.

आता मुंगीसारख्या लहान गोष्टींच्या जवळच्या फोटोंसाठी लेन्सला लावायच्या दोन जोडण्यांचं थोडक्यात. एक्स्टेन्शन ट्यूब ही लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, तिच्यात काच नसते, त्यामुळे तिच्या स्वतःच्या काचेचा दोष येत नाही. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की विषय सेन्सरवर साधारण निम्म्या आकाराचा उमटतो. क्लोज-अप फिल्टर पुढे स्क्रू होतो. लेन्सचा फोकस अनंतावर असताना +४ चा फिल्टर २५ सेंटिमीटरवर फोकस देतो. एका काचेचा स्वस्त फिल्टर कडांना जांभळी-हिरवी झाक देतो, म्हणून दोन काचा जोडलेला घ्या आणि अॅपर्चर एफ/८ ते एफ/११ ठेवा. या दोन्हींत फोकसची रिंग फिरवत बसू नका. ती एका जागी ठेवा, स्वतः इंचभर पुढेमागे झुका आणि झुकताना पाच-सहा फोटो सलग घ्या. मुंगीच्या डोळ्यावर फोकस बसलेला एखादा त्यात मिळतोच.