भरती पाहून निघा: दिवाडी आणि चोडण एका दिवसात

गोव्यातल्या कळंगुट-बागाच्या गर्दीतून एक दिवस निवांत काढायचा असेल, तर मांडवी नदीतली दिवाडी आणि चोडण ही बेटं पणजीच्या अगदी उशाला आहेत. दोन्ही एका दिवसात होतात. पण आधी कुठल्या बेटावर जायचं, हे भरती ठरवते. बहुतेकांचा दिवस इथेच फसतो. चोडणच्या अभयारण्यात ऐन ओहोटीला पोहोचलं की खारफुटीतल्या नाल्यांत नुसता चिखल असतो आणि होडी आत शिरतच नाही.

त्यासाठी आदल्या दिवशी पंचांग उघडा. पौर्णिमा आणि अमावास्येला इथली भरती साधारण सकाळी अकराच्या आसपास येते आणि पुढे रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा. म्हणजे एकादशी ते चतुर्दशी या दिवसांत भरती सकाळी साडेसात ते सव्वादहाच्या दरम्यान, तर तृतीया ते षष्ठीला दुपारी दीड ते चारच्या दरम्यान. हा झाला अंदाज. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकातून घ्या आणि थोडा वेळ वाढवा, कारण बेटांकडे जायचा रायबंदरचा धक्का नदीच्या मुखापासून आत आहे, तिथे पाणी जरा उशिरा चढतं. अष्टमीच्या मागेपुढे पाणी कमीच चढतं. त्या दिवसांत होडीचा हट्ट धरू नका.

सकाळची भरती असेल तर रायबंदरहून आधी चोडणला जा. तिथून पुलावरून मये, पुढे डिचोलीतलं नार्वे, नार्व्याच्या फेरीबोटीने दिवाडी, आणि शेवटी जुने गोवे. दुपारची भरती असेल तर हाच रस्ता उलट धरा. दिवाडीहून चोडणला थेट फेरी नाही आणि दिवाडीला पूलही नाही, म्हणून हा वळसा. दुचाकीला तो अगदी सोयीचा आहे. पायी जाणाऱ्यांनी मये-नार्व्याचा नाद सोडावा आणि रायबंदरला परत येऊन दुसरी फेरी पकडावी. रायबंदरहून चोडणला आणि दिवाडीला अशा दोन्हीकडे फेऱ्या सुटतात, तेव्हा चढण्याआधी कुठली ते विचारून घ्या. पणजीहून बसने येत असाल तर बस रायबंदरमार्गे जाते का, हेही वाहकाला विचारा. फोंड्याच्या सगळ्या गाड्या त्या रस्त्याने जात नाहीत. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशनवरून जुन्या गोव्याचा धक्का जवळ पडतो.

शक्यतो चारचाकी नेऊ नका. फेरीवर गाड्यांना जागा मोजकी असते आणि एका मोटारीच्या जागेत गावातल्या किती दुचाक्या मावतात, ते रांगेत उभं राहिलं की दिसतं. सकाळी बेटावरची माणसं कामाला पणजीकडे येतात आणि संध्याकाळी परततात. तुम्ही उलट दिशेने जात असल्याने रांग सहसा आडवी येत नाही. ओहोटीत धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. मागे बसलेल्याला आधीच उतरवा, पहिल्या गिअरमध्ये सरळ चढा, उतारावर जोरात ब्रेक दाबू नका. फेरीवर इंजिन बंद करा आणि ब्रेक धरून गाडीजवळच उभे राहा. वाहनाचे पैसे सुटे ठेवा. पेट्रोल पणजीतच भरून घ्या.

चोडणला उतरल्यावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं फाटक धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर, बेटाच्या पश्चिम टोकाला आहे. क्षेत्र जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, 1988 साली घोषित झालेलं. आत खारफुटीतून फरसबंद पायवाट आहे. होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी आत शिरा. पाणी उतरायला लागण्याआधी बाहेर पडता येतं. ओहोटीच गाठली असेल, तरी दिवस वाया गेला असं समजू नका. उघड्या पडलेल्या चिखलावर तुतवार आणि बगळे चरायला उतरतात, निवट्या उड्या मारताना दिसतात. पायी फिरून पक्षी पाहायला ही वेळ उलट अधिक चांगली. खंड्या आणि ब्राह्मणी घार दोन्ही वेळी दिसतात, नशीब असेल तर पाणमांजरही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे स्थलांतरित पक्ष्यांचे महिने. पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे घाला, डासांचं मलम सोबत ठेवा. पायवाट सोडून चिखलात उतरू नका: खारफुटीची श्वासमुळं पायाखाली मोडतात आणि झाडाला हवा मिळायची वाट बंद होते.

दिवाडीला जुन्या गोव्याहून जायचं तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर पोहोचता. पलीकडे उतरल्यावर पिएदाद गावापर्यंतचा दोनेक किलोमीटरचा रस्ता खाजन, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतांतून जातो आणि सावली जवळजवळ नाही, म्हणून पायी असाल तर दहाच्या आत हा टप्पा संपवा. टेकडीवरच्या चर्चच्या दफनभूमीत छोटं चॅपल आहे. त्याच्या छताला जुन्या देवळाचं कोरीव काम टिकून आहे. ते आवर्जून पाहा, पण तिथे प्रार्थना किंवा अंत्यविधी चालू असेल तर बाहेरच थांबा.

बेटाच्या उत्तर बाजूला जुनं नार्वे. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर मुळात इथलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीत नेलं गेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणूनच नार्व्याची फेरी या सहलीतून गाळू नका. मूळ जागा पाहून दहा मिनिटांत नदी ओलांडायची आणि आजच्या देवळात जायचं, हा क्रम मनाला भिडतो. दिवाडीच्या बाजूने सुरुवात केलीत तर तो आपोआप जमतो.

दोन्ही बेटांवर खाजन दिसेल: बांधाने अडवलेली खारी जमीन, तिथे पावसाळ्यात कोरगुटसारखं क्षार सोसणारं भात पिकतं. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. त्या दारांना हात लावू नका, बांधावर दुचाकी चढवू नका. खेकड्यांच्या बिळांनी बांध आधीच पोखरलेला असतो. एक भगदाड पडलं की खारं पाणी शेतात शिरतं आणि त्या वर्षाचं पीक जातं.

दुपारी एक ते चार दुकानं बहुधा बंद. पाणी आणि पाव-भाजी आधीच बांधून घ्या. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरामचा उत्सव असतो आणि गोकुळाष्टमीला नार्व्याला जत्रा. उत्सव पाहायचा नसेल तर हे दिवस टाळा, कारण फेरीची रांग तासभर हलत नाही. पावसाळ्यात वारा-प्रवाह वाढला तर फेरी थांबते, आणि मोठ्या ओहोटीत कधी गाळात अडकते. नार्व्याच्या धक्क्यावर शेवटची फेरी किती वाजता, हे पोहोचल्याबरोबर फेरीवाल्यांनाच विचारा आणि तिच्या आधीची फेरी धरून परतीची वेळ ठरवा.