घरची जिम नव्या घरी नेताना: आधी वजनं वहीत लिहा

पॅकिंगचा पहिला खोका आणायच्याही आधी एक वही घ्या आणि जिममधल्या प्रत्येक वस्तूचं वजन त्यात लिहून काढा. कोथरूडच्या लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून पिंपळे सौदागरला सातव्या मजल्यावर आलो, तेव्हा मी हे काम सगळ्यात आधी केलं, कारण त्याच्या आधीच्या खेपेला केलं नव्हतं. त्या खेपेला प्लेट्स मी पुस्तकांच्या खोक्यात भरल्या होत्या. खोका दिसायला एवढासा. हमालकाकांनी विचारलं, "यात काय आहे, साहेब?" मी म्हणालो, "थोडं जिमचं सामान आहे." पुस्तकं उचलावीत तसा त्यांनी तो झटक्यात उचलला, दोन पायऱ्या उतरले आणि खोक्याचा तळ फाटला. १० किलोची प्लेट त्यांच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर आपटली. पायरीची कड उडाली. काका तिथेच खाली बसले आणि पाऊल दोन्ही हातांत धरून बघत राहिले. लागलं नव्हतं. त्या खोक्यात ५० किलो लोखंड होतं. ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. चूक पूर्णपणे माझी होती.

म्हणून वही. प्लेट्सवर आणि डंबेल्सवर वजन कोरलेलंच असतं. बेंच, स्टँड वगैरेचं माहीत नसेल तर घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग वस्तू घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. माझी यादी अशी झाली: २०च्या दोन, १०च्या चार, ५च्या चार आणि अडीचच्या चार मिळून प्लेट्सच ११० किलो. सरळ रॉड, कर्ल रॉड आणि डंबेलचे दोन रॉड मिळून १८. रबरी डंबेल्सच्या तीन जोड्या ४५. बेंच २०, स्क्वॉट स्टँड ३५, रबरी मॅट ४०, ट्रेडमिल ६५ आणि बाबांच्या लाकडी मुद्गलांची जोडी १२. बेरीज ३४५ किलो. एका छोट्या खोलीत ५० किलोची जवळपास सात पोती होतील एवढं वजन आहे, हे बेरीज करेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. ही वही पुढे सगळीकडे लागते: भाव ठरवताना, टेम्पो ठरवताना, लिफ्टपाशी आणि नव्या खोलीत जागा ठरवताना.

पॅकर्सवाल्यांशी बोलताना "जिमचं थोडं सामान" हे शब्द तोंडातून काढू नका. यादी त्यांच्या हातात द्या, जिन्याचे मजले सांगा, आणि जड सामानाला किती माणसं येणार ते विचारून लिहून घ्या. ट्रेडमिल जिन्यावरून उतरवायला मी चार माणसं मागितली. दोघांत होईल असं म्हणणारा गडी एखादा भेटतोच. त्याच्या ताकदीबद्दल शंका नाही, पण वळणावर पाय घसरला तर सावरायला तिसरा माणूस लागतो. जड सामानाचे जास्तीचे पैसे आधीच ठरवा, म्हणजे ऐन जिन्यात घासाघीस होत नाही. सामानाचा विमा काढणार असाल तर ट्रेडमिलचा सिरियल नंबर आणि चालू अवस्थेतला एक व्हिडिओ फोनमध्ये असू द्या.

दोन्ही सोसायट्यांना आठवडाभर आधी कळवा. शिफ्टिंगची वेळ, अनामत रक्कम, कुठली लिफ्ट वापरायची, हे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लावलेली पाटी वाचा. आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात, म्हणजे ८ माणसांच्या लिफ्टची क्षमता ५४४ किलो. माझं सगळं सामान कागदावर त्यात बसत होतं, तरी मी चार खेपा केल्या. सगळं लोखंड एका कोपऱ्यात रचलं की लिफ्टचा तळ एका बाजूला दबतो, आणि दाराच्या पट्टीवर प्लेट आदळली तर ती पट्टी वाकून दार अडकतं. तळाला प्लायवूडचा तुकडा अंथरा. टेप घेऊन लिफ्टचं दार, घराचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. तुमच्याकडे ७ फुटी ऑलिम्पिक बार असेल, तर तो सुमारे २.२ मीटर लांब आणि २० किलोचा असतो. लिफ्टमध्ये उभा किंवा तिरका बसतो का, ते आदल्या दिवशीच बघा.

आता सोडवासोडव. ही दोन दिवस आधी, शांतपणे करायची. बेंच आणि स्टँड सोडण्यापूर्वी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. पाने आणि ॲलन की एका डब्यात काढून ठेवा आणि तो डबा स्वतःच्या पाठीवरच्या पिशवीतच ठेवा, खोक्यात नको, कारण नव्या घरी सगळ्यात आधी तोच लागतो. प्रत्येक जोडाचे नट, बोल्ट, वॉशर वेगळ्या छोट्या पिशवीत घाला, पिशवीवर मार्करने लिहा आणि ती त्याच भागाला चिकटवा. बेंचची पाठ वरखाली करायची पिन ओढून काढाच, चालत्या टेम्पोत ती हमखास गळून पडते. केबलचं मल्टिजिम असेल तर वजनांच्या वड्या एकेक करून बाहेर काढा, आणि दोरी-पुली सोडायला माहितगार फिटर बोलवा. ते काम घरच्या घरी करून बघण्याचं नाही.

प्लेट्ससाठी माझा नियम साधा आहे: एका माणसाच्या हातात एका वेळी २० किलोपेक्षा जास्त द्यायचं नाही. पुठ्ठ्याचे खोके सरळ बाजूला ठेवा. भाजीवाल्यांकडचे प्लास्टिकचे क्रेट आणा. त्यांना पकड असते, तळ फाटत नाही. एका क्रेटमध्ये १०च्या दोन प्लेट्स, मध्ये पुठ्ठा, वरून जुनं गोधडीचं फडकं. क्रेटमध्ये जागा उरलेली दिसली की आणखी काहीतरी कोंबायचा मोह होतो. कोंबलंत तर उशी कोंबा. २०ची प्लेट एकटीच न्यायची, दोन्ही हातांनी, छातीशी धरून. आणि प्रत्येक क्रेटवर वरच्या बाजूला ठळक आकड्यात वजन लिहायचं. आमच्या गड्यांपैकी एकाने क्रेटवरचा आकडा वाचला, गुडघ्यात वाकला, पाठ सरळ ठेवून उचललं. आकडा दिसला की माणूस अंग सावरून उचलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गडी बहुतेक वेळा चपलेवर येतात. रबरी पकडीच्या हातमोज्यांचे चार जोड विकत आणून ठेवा, आणि चपलेवर आलेल्या माणसाच्या हाती प्लेट्स न देता हलकं सामान द्या. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा. घाई नाही असं मालकाने स्वतः म्हटलं की लोक खरंच थांबतात. पिण्याचं पाणी जिन्यात ठेवा. लहान मुलांना त्या दिवशी मावशीकडे किंवा आजीकडे पाठवा, कारण घडी घातलेल्या ट्रेडमिलच्या फटीत बोटं जायला क्षणही लागत नाही.

ट्रेडमिलला वेगळा अर्धा दिवस द्या. आधी ती चालू करून चढ शून्यावर आणा. चढ तसाच राहिला तर खालची पट्टी, म्हणजे ज्यावर आपण चालतो तो भाग, नीट मिटत नाही. मग बंद करा, सेफ्टी की काढून पाकिटात ठेवा, प्लग काढा आणि वायर गुंडाळून फ्रेमला बांधा. घडी घातल्यावर लॉकचा 'टक' आवाज ऐका, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रुंद पट्ट्याने किंवा मजबूत दोरीने पट्टी आणि फ्रेम दोन ठिकाणी आवळून बांधा. जिन्यात लॉक सुटलं तर ती पट्टी सरळ समोरच्याच्या अंगावर येते. डिस्प्लेला बबल रॅपचे तीन वेढे आणि त्यावर पुठ्ठा. दारातून निघत नसेल तर दोन्ही खांब सोडावे लागतात. त्यातल्या एका खांबातून डिस्प्लेची वायर खाली जाते. तिचा जोड हाताने सोडवा, वायर ओढू नका, आणि पुन्हा बसवताना ती पत्र्यात चिमटत नाही ना ते बघा. मोटर पुढच्या टोकाला असते, त्यामुळे तेच टोक जड असतं, हे उचलणाऱ्या चौघांना हात लावून दाखवा. जिना उतरताना भार खालच्या माणसांवर येतो, म्हणून दोघं दणकट गडी खाली. मोजून उचलायचं, मोजून ठेवायचं, आणि बोलणारा एकच माणूस.

बाबांचे मुद्गल मी स्वतःच्या मांडीवर ठेवून आणले. शिसवी आहेत, मुठी त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या. लाकडाला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आत दमटपणा धरतो. सुती धोतराचा तुकडा मुठीपासून खालपर्यंत गुंडाळला, वर सुतळी. कोणाकडे तालमीतली जुनी गदा किंवा करेला (व्यायामासाठी फिरवायचं मुद्गलासारखं साधन) असेल तर त्यालाही हेच.

लोखंडाला आदल्या रात्री कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. रॉडवर घामाचं मीठ बसलेलं असतं आणि गंज तिथूनच धरतो. तारीख हातात असेल तर पावसाळ्याच्या आधी हलवा. जून उजाडलाच असेल तर ताडपत्री असलेलाच टेम्पो ठरवा, आणि रबरी मॅट कोरड्या असतानाच गुंडाळा.

टेम्पोत, म्हणजे आमच्याकडे छोटा हत्ती, सगळ्यात आधी लोखंड चढवायचं. मॅट तळाला अंथरा, त्यावर क्रेट केबिनच्या भिंतीला चिकटून एकाच थरात. एकावर एक थर नको. एकही डंबेल मोकळं राहता कामा नये. ब्रेक लागला की ते घरंगळत जाऊन वाटेतलं सगळं फोडतं. ट्रेडमिल घडीतच, उभी, केबिनला टेकवून बांधायची. तिच्या पट्ट्यावर काहीही ठेवू द्यायचं नाही. आरसा उभाच न्यायचा, काचेवर टेपची फुली मारून, दोन गाद्यांच्या मध्ये.

नव्या खोलीत सामान कुठे ठेवायचं, हे सामान येण्याआधी खडूने जमिनीवर आखून ठेवा. घरांच्या स्लॅबसाठी आपल्याकडच्या मानकात साधारण चौरस मीटरला २०० किलोचा भार धरलेला असतो. त्यामुळे सगळ्या प्लेट्स आणि डंबेल्स खोलीच्या मधोमध एका ढिगात ठेवू नका. भिंतीलगत, बीमच्या रेषेत, पसरून ठेवा. बंद केलेल्या गॅलरीत जिम करायचा विचार असेल तर मी स्पष्टच सांगतो, करू नका. पाऊस आत येतो, गंज धरतो, आणि तो बाहेर आलेला भाग आपटाआपटीसाठी नसतो. रबरी मॅटखाली जुनी चादर अंथरा, नाहीतर रबराचा काळपट डाग फरशीवर कायमचा राहतो. खालच्या मजल्यावरच्यांना एकदा भेटून या, आणि ट्रेडमिलची वेळ त्यांना विचारून ठरवा.

पुलअप बार असेल तर इथे थांबा. जुन्या घरात तो विटांच्या जाड भिंतीत होता. नव्या इमारतींच्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या असतात, आणि त्यात साधा अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) माणसाचं लटकतं वजन धरत नाही. काँक्रीटचा बीम किंवा कॉलम शोधून त्यातच भोक पाडा, नाहीतर उभा स्टँड घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा, आणि जुन्या घरातली भोकं पुट्टीने बुजवूनच चाव्या परत करा.

ट्रेडमिल आल्या आल्या चालू करू नका. ती सपाट उभी आहे ना ते बघा, हलत असेल तर खालचे पाय फिरवून समतोल करा. अर्थिंग असलेल्या मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटला थेट लावा, एक्स्टेंशन बोर्ड नको. वर कोणी उभं न राहता सगळ्यात कमी वेगावर पाच मिनिटं फिरवा. प्रवासात पट्टा सरकतोच. मागे उभं राहून बघा: डावीकडे गेला असेल तर मागचा डावा बोल्ट ॲलन कीने पाव फेरा आवळा, उजवीकडे गेला असेल तर उजवा. पाव फेऱ्यानंतर मिनिटभर वाट बघा, लगेच दुसरा फेरा देऊ नका. मग पट्ट्याखाली सिलिकॉन तेल.

बेंच आणि स्टँड फोटो समोर ठेवून जोडा. बोल्ट आधी सगळे हाताने, आणि मग पान्याने पक्के. पहिल्या दिवशी बेंचवर रिकामा रॉड घ्या, दुसऱ्या दिवशी निम्मं वजन. आठ दिवसांनी पान्यांचा तो डबा पुन्हा काढा आणि स्टँडचा एकूण एक बोल्ट तपासा. माझ्याकडे दोन ढिले निघाले.